शेंदूर लावलेलं टोपण

भातं कापून झाली, की पाताळगंगेच्या काठावर आमच्याकडे एक वास येतो. ओल्या धसकटांचा, नुकतंच ऊन लागलेल्या चिखलाचा, आणि दुपार कलल्यावर नदीकडून वर येणाऱ्या गारव्याचा. लोक म्हणतात, काय छान वाटतं. मला नाही वाटत. मला त्या वासाबरोबर पुरुषांचा एक घोळका दिसतो. एका बुटक्या यंत्राभोवती वाकून उभा राहिलेला, प्रत्येकाच्या बोटाला काळं तेल आणि प्रत्येकाच्या तोंडात एक मत.

यंदाही वास आला आणि पाठोपाठ नातू आला. मी ओसरीवर वालाचं बी निवडत होते.

"आजी, टिलर ऑइल फेकतोय. बॅक कॉम्प्रेशन आहे, पोटात उलटी हवा भरतेय. इंजिन खोलावं लागणार."

त्याच्या मागे दोन मित्र होते. एकाच्या हातात फोन, आणि फोनमध्ये एक परका माणूस याच दुखण्यावर तावातावाने व्याख्यान देत होता. तिघांचेही चेहरे वैद्यासारखे झाले होते. पुरुषाला इंजिन बिघडल्याचं दुःख कधीच होत नाही. खोलायला मिळणार याचा आनंद होतो.

"आधी टोपण बघ," मी म्हटलं.

"कुठलं टोपण?"

"तेल ओततात त्या नळीवरचं."

तिघंही हसले. म्हातारीला काय कळतंय, असं ते हसणं होतं. हे हसणं मी ओळखते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लग्न होऊन कडावहून या घरात नुकती आले होते, आणि तेव्हा मी म्हातारी नव्हते. म्हणजे त्या हसण्याचा वयाशी काही संबंध नाही.

तेव्हा दुसरी मोठी लढाई संपली होती. साहेबलोक सामान आवरायला लागले होते. खंडाळ्याच्या एका बंगल्यातलं सामान निघालं, त्यात बागेत चालवायचं एक छोटं ट्रॅक्टर होतं. ट्रॅक्टर म्हणजे काय, तर दोन चाकं, दोन लांब मुठी आणि मधे रॉकेलच्या डब्याएवढं इंजिन. मागून मुठी धरून चालायचं. साहेबाच्या गुलाबांची माती उकरायला आणलेलं ते खेळणं आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घेतलं आणि बोरघाट उतरवून घरी आणलं. वाटेत प्रत्येक गावात थांबून आणलं, नाहीतर आणल्याचं कळणार कुणाला?

मामंजींना सगळ्या गोष्टींत पहिलं असायचं असे. गावातली पहिली विजेरी त्यांची. तिचा मसाला संपून तिला गंज चढला, तरी ती खुंटीवर पुढ्यात टांगलेली. पहिला ग्रामोफोनही त्यांचाच, तबकडी एकही नाही, पण भोंगा रोज पुसला जायचा. खालापूर ते खोपोली असा मशीनवाला दुसरा नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की आमचा राघूसुद्धा "मिशिन, मिशिन" म्हणायला लागला. राघू निदान त्याच्यापुढे जात नसे, हे त्याचं मोठेपण.

मशीन आलं आणि आठवड्याभरात त्यांनी बैल विकले.

आता हे बैल नुसते त्यांचे नव्हते. मामंजींच्या पाठचा भाऊ वारला होता. त्याची बायको, माझी चुलत सासू, कुडापलीकडच्या घरात एकटी राहायची. मी तिला काकी म्हणे. पोरबाळ नाही. नदीकडची एक लांबट पट्टी तिच्या वाट्याला होती. पावसाळ्यात त्या पट्टीत होणारं भात जेमतेम होळीपर्यंत पुरे. तिचं बाकीचं वर्ष चालायचं वालावर. कडवे वाल स्वतः खायचे, आणि उरलेले देऊन मीठ, सुकी मासळी, रॉकेल घ्यायचं. कोश्या आणि बांड्या ही जोडी दोन्ही भावांनी मिळून घेतली होती. अर्धी जोडी काकीची, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मामंजींनाही होतं. पण माहीत असणं आणि विचारणं यांत आमच्या घरी फार अंतर असे.

सकाळी शेण भरायला काकी आली आणि रिकाम्या गोठ्यापुढे उभी राहिली. मग ओसरीच्या कडेला आली. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं कुणी नसलं तर खांबाला. काकीने पदर ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सूनबाय, इचार गं तुज्या मामंजीला, माजा अर्धा कुठं गेला?"

मामंजी झोपाळ्यावर होते. त्यांनी मांजराला उत्तर दिलं. "मिशिन आलंय म्हनावं. त्यात तिचं बी अर्ध हाय. बैल काय करायचेत आता? बैल खातो बारा महिनं, मिशिन खातं काम असंल तवाच."

मांजर उठून गेलं. त्याला बहुधा पटलं नसावं.

बैलांचं म्हणाल तर ते मूर्ख प्राणी असतात असं लोक म्हणतात. मी या घरात सत्तरच्यावर वर्षं काढली. बैलाने कधी बैलाला न विचारता माणूस विकल्याचं मला आठवत नाही.

वालाचं गणित साधं आहे आणि ते कुणाच्या बापाला चुकवता येत नाही. भात कापलं की जमिनीत पावसाची ओल उरलेली असते, तेवढ्या ओलीवर वाल येतो. पाणी द्यावं लागत नाही. पण ती ओल आपल्यासाठी थांबत नाही. तास, म्हणजे नांगराची ओळ, मारायला उशीर झाला, वर उत्तरेचा वारा सुटला, की जमीन वरून पांढरी पडते, भेगाळते, आणि मग बी टाका नाहीतर खडे टाका, सारखंच. शेजारी खोपोलीच्या वीजघराचं पाणी नदीतून खळाळत जात असायचं. ऐन थंडीतही नदी भरलेली. ते पाणी पट्टीच्या अंगावरून जायचं, पट्टीत यायचं नाही. माणसांचंही पुष्कळदा तसंच असतं, पण ते राहू दे.

तर भातं निघाली, भारे खळ्यावर गेले, आणि मामंजींनी मुहूर्त काढून मशीन शेतात नेलं. निम्मं गाव बांधावर. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, हातात पाना धरून बापाच्या मागे. पाना धरून मागे उभं राहणं याला आमच्याकडे यंत्रविद्या म्हणत. दोरी ओढली, मशीन धडधडलं, पुढे सरकलं, पहिलं तास पडलं. बांधावरून शाबासक्या आल्या. दुसऱ्या तासाच्या मध्यावर मशीनच्या बुडातून, सांध्यांतून, जिथून तिथून काळं तेल बाहेर यायला लागलं. मग निळा धूर. मग दोन आचके देऊन ते जे बसलं ते बसलं. मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर कमरेपर्यंत तेलाचे ठिपके उडाले होते.

मग मतं सुरू झाली. तेलच खोटं आहे. तेल खरं आहे, पेट्रोलात रॉकेल आहे. पेट्रोल रेशनच्या कुपनावरचं आहे, कुपनाचं असंच असतं. हे थंड हवेचं यंत्र, घाटाखालची हवा त्याला बाधली. तेल कमी पडलं. तेल जास्त झालं. एकजण म्हणाला, तासाच्या वेळी बांधावर बायका उभ्या होत्या. हे म्हणणारा माणूस स्वतः त्या दिवशी बायकोने कापलेलं, बायकोने बांधलेलं, बायकोने वाहून आणलेलं भात झोडून आला होता. पण बोलायला अक्कल लागत नाही, तोंड पुरतं.

मामंजींनी प्रत्येक मत आजमावलं. तेल काढलं, नवं भरलं. पुन्हा बाहेर आलं. कमी भरलं, बाहेर आलं. जास्त भरलं, तेव्हा तर फवारेच उडाले. दर वेळी तेल भरायला नळीवरचं टोपण काढलं की फुस्स आवाज यायचा. लांबलचक, पोटातला. भरल्यावर टोपण घट्ट बसवायचे आणि पुन्हा दोरी ओढायचे. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ऐकून कुणीतरी म्हणायचं, "बगा, मिशिन बी दमलंय." आणि हशा.

ते टोपण. इथे मला जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं.

टोपण पितळेचं होतं, गोल, वरून घुमटासारखं, आणि कडेने बारीक भोकं. इंजिनाच्या पोटात जो वारा कोंडतो तो त्या भोकांतून बाहेर पडावा म्हणून ती असतात. तेव्हा आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं होतं, की त्या सगळ्या लोखंडात डोक्यासारखं दिसणारं तेवढं एकच आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात तशी मशीनचीही झाली, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नेमका त्याच डोक्याला शेंदूर लावला. तेलात कालवलेला, दाट. ज्याला एकदा शेंदूर लागला त्याला तसं सोडता येत नाही. मग दर मंगळवारी आणि शनिवारी त्यावर आणखी एक थर. इंजिनाच्या उबेने प्रत्येक थर भाजून पक्का व्हायचा. तोवर टोपण लिंबाएवढ्याचं मोसंब्याएवढं झालं होतं, तांबडंलाल, आणि भोकं कुठे होती ते ज्याने घडवलं त्यालासुद्धा सांगता आलं नसतं. आत्याबाई मशीनला हात लावू द्यायच्या, त्या डोक्याला नाही. टोपण काढायचं तर आधी नमस्कार करून काढायचं.

देवाचा मला राग नाही. ज्यांना लोखंडातसुद्धा देव दिसतो आणि शेजारच्या घरातली बाई दिसत नाही, त्यांचा आहे.

काकी रोज सकाळी पट्टीत जायची. तिथली मूठभर माती उचलायची, दाबायची, आणि ते ढेकूळ आणून आमच्या ओसरीच्या पायरीवर ठेवायची. पहिल्या दिवशीच्या ढेकळावर तिची पाचही बोटं उमटलेली होती, लोण्यात उमटावीत तशी. मामंजी त्यावरून पाय टाकून गेले. पुढे पुढे बोटं पुसट दिसायला लागली. ढेकळाचा रंग काळ्याचा करडा झाला. मी पायरी झाडायची, पण ढेकळं झाडायचं माझ्या हातून होत नसे. ती एकेक करून तशीच रांगेत राहिली. त्या घरात आणखी कुणाला ती दिसली असतील असं मला वाटत नाही.

"काकी, तुमी मामांस्नी सांगा तरी नीट," मी एकदा म्हटलं.

"खांबाला सांगून सांगून खांब झिजला, पोरी," ती म्हणाली. "दुसऱ्याची जोडी मागावी तर ज्याची त्याची त्याच्याच वालाला जुंपलेली. बी भिजत घालू का नको, येवढंच मला कळू दे."

शेवटी खोपोलीहून फोरमन आणला. फोरमन कुठल्या कारखान्यात होता, होता की नव्हता, ते कुणी विचारलं नाही. त्याची खाकी अर्धी चड्डी आणि तोंडातली सिगारेट एवढ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. त्याने कान लावून इंजिन ऐकलं, तेल बोटावर घेऊन वास घेतला, जिभेला लावलं, आणि म्हणाला, "रिंगा गेल्या."

रिंगा गेल्या! ओसरीवर सुतक पडलं. रिंगा म्हणजे काय हे तिथे एकालाही माहीत नव्हतं, पण त्या गेल्याचं दुःख सर्वांना झालं. खळ्यावर गोणपाट अंथरून फोरमनने इंजिन खोललं. आत चकचकीत पिस्टन, त्याच्या गळ्यात कड्या, त्याच त्या रिंगा. मला वाटतं त्या अगदी ठणठणीत होत्या. पण खोललेल्या इंजिनात काहीतरी गेलेलं असावंच लागतं. त्याने मुंबईहून नव्या मागवल्या. त्या येईपर्यंत फोरमन आमच्याकडे जेवला. कोंबड्याशिवाय त्याला निदान सुचत नसे.

ढेकळांची रांग वाढत होती.

रिंगा आल्या, बसल्या, इंजिन जोडलं गेलं. जोडून झाल्यावर एक चकती आणि एक मळसूत्री खिळा गोणपाटावर उरला. फोरमन म्हणाला, "हे जादाचं देतात कंपनीवाले." आणि यांनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याने! मी कुडाच्या फटीतून बघत होते. त्या क्षणी मला इतका संताप आला, की सांगते, माहेरी जावंसं वाटलं.

तो नेमका मंगळवार होता. फोरमनच्या सिगारेटचा विटाळ नको म्हणून आत्याबाईंनी टोपण सकाळीच काढून देवघरात नेलं होतं. तिथे शेंदूर लावून वाळत ठेवलं होतं. इकडे मामंजींना दम निघेना. उघड्या नळीवर एक विरविरीत फडकं बांधून त्यांनी दोरी ओढायला लावली. आणि मशीन चालू झालं. तेलाचा ठिपका नाही, धुराची रेघ नाही. खळ्याला चार फेऱ्या मारल्या, तरी चालूच. फोरमनने टोपी सारखी केली. मामंजींनी त्याला घरातली चांगली घोंगडी दिली. फोरमन घोंगडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी टोपण परत बसवलं, नमस्कार केला, मशीन शेतात गेलं, आणि तिसऱ्या तासाला तेल, धूर, आचके, सगळं पहिल्यासारखं. नवीन रिंगांसकट.

मी तेव्हा खळ्याच्या कडेला भात वारवत होते. काकी शेजारी सूप धरून होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काल चाल्लं नि आज नाय," काकी म्हणाली. "काल काय नव्हतं?"

"टोपण नव्हतं," मी म्हटलं. "फडकं होतं."

काकीने सूप खाली ठेवलं. आम्ही दोघींनी ते फुस्स ऐकलेलं होतं. अडाण्यालासुद्धा कळावं इतकं ते सोपं होतं. न कळायलाच खरं तर मेहनत लागत होती. आणि ती मेहनत आमच्या घरचे पुरुष दोन पंधरवडे करत होते.

मी यांना सांगितलं. हे ते हसणं हसले. "इंजिन टोपनावर चालतं व्हय?" मग आत्याबाईंना सांगितलं, की एवढा शेंदूर खरवडू द्या. त्यांचे डोळेच मोठे झाले. "देवाचा शेंदूर खरवडतात? तुज्या म्हायेरी रीत हाय का अशी? देवानं आपून कवच टाकलं तर टाकलं. मान्सानं नख नाय लावायचं."

हे मात्र त्यांचं खोटं नव्हतं. शेंदराच्या देवावर वर्षानुवर्षं थर चढतात, आणि एक दिवस तो सगळा थर आपोआप सुटून खोळीसारखा गळून पडतो. देवाने कवच टाकलं म्हणतात. मग नारळ फुटतात, कवच वाजतगाजत नदीत सोडतात. पण देवाला घाई नसते. वालाला असते.

काकीने हे सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी ती आत्याबाईंकडे आली, पदराखाली एक खण घेऊन. "आक्का," ती म्हणाली, "देव तुमच्याकडं रोजच हाय. येक दीस माज्या घरी पाव्हना धाडा. मी रांडमुंड, माज्या दारात कोन येतंय?"

आत्याबाई विरघळल्या. त्या वाईट नव्हत्या. त्या फक्त विचार करत नसत. टोपण ताम्हनात घालून त्यांनी स्वतः काकीच्या घरी पोचवलं.

सकाळी काकीने मला हाक मारली. चुलीवर हंडा होता. आपण कपड्यांचा मळ काढायला राखेचं पाणी करतो ना, तसं चुलीतली राख कालवून निवळलेलं पाणी, कढत. तिने टोपण ताम्हनातून उचललं, कपाळाला लावलं, खरोखर लावलं, आणि हंड्यात सोडलं.

"काकी!" मी म्हटलं.

"आंघोळ घालते गं देवाला. पाव्हना आलाय, आंघोळ नको?"

आम्ही बसलो. पाणी रटरटत होतं. काकीने त्या वेळात तांदूळ निवडले. मग तिने पळीने टोपण वर काढलं आणि पाटावर ठेवून, निवल्यावर दोन्ही हातांत धरून हळूच पिळलं. उकडलेल्या अंड्याची टरफलं निघावी तसा लाल थर सुटला. दोन तुकडे, आतून गुळगुळीत. आणि मधून पितळेचं डोकं बाहेर आलं, लखलखीत, कडेने भोकांची माळ घातलेलं. काकीने तोंड लावून फुंकर मारली. पलीकडून वारा माझ्या गालाला लागला.

त्यानंतर काकी अंगणात गेली आणि असा काही आवाज दिला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. "देवानं कवच टाकलं! माज्या घरात देवानं कवच टाकलं गं बायांनो!"

मग काय विचारता. नारळ आले, अगरबत्त्या आल्या, ताशावाले आले. जी माणसं काकीच्या घराकडे पाठ करून जात, ती तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकायला लागली. आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. मामंजी पागोटं बांधून पुढे. कवचाचे तुकडे लाल फडक्यात घालून वाजतगाजत नदीवर नेले आणि वीजघराच्या पाण्यात सोडले. रिंगा, रॉकेल, बायांची सावली, सगळं एका क्षणात कुणालाच आठवेनासं झालं. देव कोंडला होता, देव मोकळा झाला. तसं बघायला गेलं तर हे निदान फोरमनपेक्षा बरंच जवळचं होतं.

परत आल्यावर मामंजींनी देव मागितला. काकीने टोपण ओच्यात बांधलेलं होतं. तिने पदर पुढे ओढला. अंगणात माणसं मावत नव्हती. ती खांबाकडे वळली आणि खांबाला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "देवानं माज्या चुलीम्होरं कवच टाकलं. पयलं तास माज्या पट्टीत. पट्टी पुरी झाली की मंग ज्याचं त्याचं."

मामंजींनी मांजर शोधलं. मांजर नव्हतं. इतक्या लोकांपुढे देवाला नाही म्हणायची छाती त्यांच्यात नव्हती. तेवढी छाती असती तर बैल विकताना विचारायचीही असती.

त्या दिवशी मशीन काकीच्या पट्टीत उतरलं. टोपण काकीने स्वतः बसवलं. तेलाचा एक ठिपका बाहेर आला नाही. मामंजी मुठी धरून तासामागून तास चालत होते, घामाने डबडबलेले, आणि काकी त्यांच्या मागून अनवाणी, ओटीतला भिजलेला वाल तासात टाकत. ओल नखभर खाली गेली होती, पण होती. पट्टी झाली. मामंजींच्या शेताची चार तासं झाली, आणि पेट्रोल संपलं. उरलेलं पेट्रोल फोरमनच्या परीक्षांत गेलं होतं. नवीन कुपन यायच्या आत उत्तरेचा वारा आला. आमचं शेत पांढरं पडून राहिलं, आणि बांधापलीकडे काकीची पट्टी हिरवी.

पौषात शेंगा भरल्या. काकीने भांबुर्डीचा पाला घालून मडकं शेंगांनी भरलं, पालथं घालून भोवती जाळ केला. याला आमच्याकडे पोपटी म्हणतात. पोपटीचा तो वास, धुराचा आणि पाल्याचा आणि कोवळ्या वालाचा, अजून माझ्या नाकात आहे. त्या वासावर माझा राग नाही. आमच्याकडे एक परात भरून आली. मामंजींनी सालं काढत काढत सगळ्यात जास्त खाल्ल्या, आणि पाहुण्यांना सांगितलं, "मिशिनच्या तासाची गोडीच न्यारी." मी परात उचलून आत नेली. नाहीतर ती मी त्यांच्या डोक्यात घातली असती.

नातवाच्या टिलरचं सांगायचं राहिलं. माझ्या हट्टाने त्याने टोपण काढून बघितलं, तर ते स्वच्छ होतं. त्याच्या रिंगाच गेल्या होत्या. फोनमधल्या माणसाचं बरोबर निघालं. तिघंही पुन्हा हसले. हसू देत. आधी टोपणच बघायचं, रिंगा कुठे पळून जात नाहीत.

मामंजींचं मशीन पुढे पावसाळ्याआधीच अंगणात बसलं ते बसलं. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात ते चाकं बुडेपर्यंत रुतेल, हे मामंजींना कुणी सांगावं लागलं नाही. गुलाबाच्या वाफ्यांचं यंत्र ते. म्हणजे पुन्हा बैल आले. ज्येष्ठाच्या सुरुवातीला मामंजींनी तरणी जोडी आणली. बैलांच्या शिंगांना रंग लावलेला. जशी काही बैल ही गोष्ट त्यांनीच शोधून काढली होती. ओसरीवर माणसं जमली. निम्मं मोल काकीच्या वालातून गेलं होतं, पण तो उल्लेख बोलण्यात कुठे आला नाही. मामंजी एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून चार लोकांना गुण सांगत होते.

काकी कुडापलीकडून आली. पदर डोक्यावर होता, पण तो तिने पुढे ओढला नाही. जोडीतल्या एकाचं दावं सोडलं. बैल मुकाट तिच्यामागे निघाला. अंगण ओलांडून तिने त्याला आपल्या पडवीत नेलं, खुंटीला बांधलं, पुढ्यात पेंढा टाकला. मग परत आली आणि ओसरीच्या पायरीशी, जिथे तिची ढेकळं रांगेत पडून होती, तिथे उभी राहिली. खांबाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ मामंजींच्या तोंडाकडे बघून, लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, ती त्यांच्याशी बोलली.

"भाओजी," ती म्हणाली, "आता इका."